पाव किलो आइस्क्रीम

मराठी माणसाला आइस्क्रीम खायला कारण लागतं. निकाल लागला, मुंज झाली, पाहुणे मुलगी बघून गेले, जावई पहिल्यांदा राहायला आला, टॉन्सिल काढले. नुसतं वाटलं म्हणून उठलो आणि आइस्क्रीम खाऊन आलो, असं चारचौघांत सांगणारा माणूस आमच्या गिरगावात तरी माझ्या पाहण्यात नाही. तसं वाटलंच तर तो आधी कारणाची सोय करतो. रात्रीचं जेवण झाल्यावर खिडकीशी उभा राहून "आज जरा जास्तच उकडतंय, नाही?" असं जो म्हणतो, त्याला हवामानात काडीचा रस नसतो.

मुंबईकरांनी या कामासाठी अलीकडे एक भक्कम कारण शोधून काढलं आहे. मांडवा. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला काहीही खायचा नैतिक अधिकार आपोआप मिळतो. गेटवेला लाँचमध्ये बसायचं, तासाभरात मांडव्याच्या धक्क्यावर उतरायचं. लाँचच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे धरलेले असतात. त्यामुळे मांडव्यालाच थांबणाऱ्याला बसचे पैसे फुकट गेल्याची बोच लागते आणि ती भरून काढायला तो धक्क्यावर त्याच्या चौपट पैशांचं काहीतरी खातो. ज्यांना मोटारीचा विरह सोसत नाही त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि दहाएक दिवसांत टाळेबंदी लागली. इतका चुकलेला मुहूर्त आमच्या नात्यात फक्त एका लग्नाचा निघाला होता. आता मात्र ती जोरात चालते. लोक मोटार खाली ठेवून वर गार हवेत बसतात, आणि मोटार जागेवर आहे ना, या काळजीत तो तास काढतात. भर समुद्रात ती कुठे जाणार, हे त्यांना विचारू नये.

ज्या पिढीने १९९० चा 'अग्निपथ' थिएटरात पाहिला, तिच्या लेखी मांडवा म्हणजे सूड घ्यायला परत यायचं गाव. आता सूड घ्यायला तिथे कोणी येत नाही, प्लॉट घ्यायला येतात. सबंध तालुक्याचंच नशीब पालटलंय. "अलिबागहून आलायस का?" हा प्रश्न महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या भोळसट माणसाला विचारला गेला. २०१९ साली या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एक अलिबागकर थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. न्यायालयाला जे जमलं नाही ते जमिनीच्या भावाने करून दाखवलं. आता त्याच प्रश्नाला "हो, अलिबागहूनच" असं उत्तर दिलं की समोरचा उठून खुर्ची देतो आणि हळूच गुंठ्याचा दर विचारतो.

तर अशा या मांडव्याला आम्ही डिसेंबरात गेलो, त्याला कारण होता माझा भाचा. तो नोकरीसाठी ब्वेनोस आयरेसला असतो. "कुठे असतो हो मुलगा?" असं कोणी विचारलं की आमची अक्का "अमेरिकेत" म्हणते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पुरेसा पडल्यावर "खालच्या" असं पुटपुटते. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून ती देशाचं नावही घेते. भाचा तिथे गेल्याला अजून फार दिवस झालेले नाहीत, पण त्याच्या तोंडातलं "आमच्याकडे" पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात जाऊन बसलंय. आमच्याकडे आत्ता उन्हाळा. आमच्याकडे रात्री दहाला जेवतात. आणि आमच्याकडे आइस्क्रीम! ते सुरू झालं की लाँचचा भोंगाही त्याला थांबवू शकत नाही.

त्याचं म्हणणं असं, की तिथे गल्लीगल्लीत आइस्क्रीमचं दुकान. एलादेरिया म्हणतात त्याला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इटलीतून माणसं बोटी भरभरून तिकडे गेली, त्यांनी जाताना ही विद्याही नेली. कोरिएन्तेस नावाच्या मोठ्या रस्त्यावर 'काडोरे' म्हणून दुकान आहे, ते १९५७ पासूनचं. पण तिथला माणूस नावाजलेल्या दुकानासाठी शहर पालथं घालत नाही. त्याचं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानावर प्रेम असतं आणि पलीकडच्या कोपऱ्यावरचं दुकान भिकार आहे, अशी त्याची खात्री असते. हे ऐकून मला अर्जेंटिनाविषयी एकदम आपुलकी वाटली. वडापावच्या बाबतीत आमचं हेच आहे.

"आणि मामा, तिथे आइस्क्रीम किलोवर मिळतं."

अक्का आतापर्यंत सीगल पक्ष्यांना गाठ्या टाकणाऱ्या गुजराती कुटुंबाकडे बघत होती. ती सावरून बसली. "किलोवर म्हणजे? काट्यावर?"

"हो. पाव किलो, अर्धा किलो, किलो. पाव किलोत तीन फ्लेवरसुद्धा घेता येतात."

"डब्याचं वजन धरतात का?"

भाचा गप्प झाला. इतकी वर्षं शिकला, परदेशी गेला, परकी भाषा बोलायला लागला, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. "थर्माकोलचा डबा असतो गं आई. त्याला कसलं वजन?"

"मिठाईवालाही खोक्याबद्दल हेच म्हणतो," अक्का म्हणाली.

मग त्याने सांगितलं, की हा डबा रात्री बारा वाजतासुद्धा मोटरसायकलवरून घरपोच येतो. लोक मागवतात, टीव्हीसमोर बसतात, चमच्याने डब्यातूनच खातात.

"बारा वाजता? कुणाचा वाढदिवस असतो?"

"कुणाचाच नाही."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मुलगा गोमांसाच्या देशात चाललाय म्हणून जाण्यापूर्वी तिने मनाची पुष्कळ तयारी केली होती. वारुणीचीही केली होती. विनाकारण आइस्क्रीम खाणाऱ्या समाजात तो जाऊन पडेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पण वजनाचा मुद्दा माझ्या डोक्यातून जाईना. आपण भेंडी शेंडा मोडून घेणारी माणसं. रद्दी देताना स्वतःचा ताणकाटा घेऊन उभे राहतो. भाजीवालीने वजन करताना हात जरा खाली टेकवला तर तिच्या घराण्यापर्यंत जातो. आणि आइस्क्रीम मात्र मुकाट्याने लिटरवर घेतो! एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरावं, असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणजे नियम पाळून विकलेल्या डब्यातही जवळजवळ निम्मी हवा असू शकते. ती घुसळताना त्यात जाते, तिच्यामुळेच आइस्क्रीम मऊ लागतं, हे मला मान्य आहे. अगदी न घुसळता गोठवलं तर त्याची वीट होईल. पण हवा ही हवा. वजनावर विकायला लागलं की ती विकता येत नाही. शिवाय डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली तर कधीकधी तिथे 'आइस्क्रीम' असं नसतंच, 'फ्रोजन डेझर्ट' असतं, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पतीजन्य तेल. जी गृहिणी दुधावरची साय बोटाने मापते, ती आइस्क्रीमच्या दुकानात निव्वळ रंगावर विश्वास ठेवते. माझ्या मते याचं कारण प्रसंग. माणूस प्रसंगाला आलेला असतो. मुंजीत कोणी काटा काढत नाही.

तिथल्या फ्लेवरांत पहिला मान 'दुल्से दे लेचे'चा. दूध आणि साखर मंद आचेवर तासन्‌तास आटवून तपकिरी, चिकट होऊ द्यायची. त्याच्या जन्माची कथा भाच्याने रंगवून सांगितली. १८२९ साली रोसास आणि लावाये हे दोन हाडवैरी सेनानी तहाची बोलणी करायला ब्वेनोस आयरेसजवळच्या कान्युएलासला भेटायचे होते. लावाये आधी पोचला, दमलेला होता, तो सरळ रोसासच्याच खाटेवर आडवा झाला. दूध आटवत बसलेल्या दासीने शत्रू मालकाच्या बिछान्यात घोरताना पाहिला आणि ती शिपायांना सांगायला धावली. गोंधळात चुलीवरचं दूध तसंच राहिलं, आणि आटून त्याचं हे झालं. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. त्यांच्या मते हा पदार्थ त्याहून जुना आहे.

"म्हणजे करपलेली बासुंदी," अक्का म्हणाली.

यावर भाचा दुखावला. पण तिचंही खरं होतं. आमच्या घरात गॅसवर विसरलेल्या दुधाने आजवर इतिहास घडवलेला नाही, फक्त भांडणं घडवली आहेत, आणि ती कोणी लिहून ठेवली नाहीत. मग त्याने 'साम्बायोन'चं वर्णन केलं. अंड्याचा पिवळा बलक आणि गोड वाइन घालून केलेलं आइस्क्रीम. अक्काने बोटांवर तिथी मोजली. मग म्हणाली, "आज सांगायचं नव्हतंस."

धक्क्यावर उतरलो. तिथल्या देखण्या कॅफेंचे भाव सगळ्यांनी एकामागून एक वाचले आणि समुद्र छान दिसतो, यावर एकमत झालं. मग भाचा म्हणाला, आपण गावातलं दुकान शोधू, कोपऱ्यावरचं. मांडव्याला कोपरा सापडणं सोपं नाही. एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला उंच कुंपणं. पण धक्क्यापासून गावाच्या दिशेने चालत गेल्यावर एका घराच्या पडवीत आडवा फ्रीजर दिसला. वरती कोकम, आगळ, वाल, सोडे आणि मुलांचे कुरकुरे. गल्ल्यावर एक ताई.

"लाईट हाय ना?" हे तिने आम्हाला विचारलं. ती नुकतीच आतून आली होती. फ्रीजरचा दिवा पेटलेला पाहून सगळ्यांनाच बरं वाटलं. विजेचं आणि या तालुक्याचं नातं जुनं आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ साली अलिबागला हलवलं गेलं. विजेचा त्रास नको म्हणून शास्त्रज्ञांनी जे गाव निवडलं, त्याच्या आसपास आइस्क्रीमचा धंदा करणं हे मोठ्या जिगरीचं काम आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर कितीतरी दिवस दिवे नव्हते. "तवा काय केलंत?" असं मी विचारलं. ताई म्हणाली, "काय करणार? फ्रीजरमधे कपडे ठेवले. पत्रा उडला होता ना."

आमच्या आधी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एक बाई कुंपणापलीकडच्या बंगल्यातल्या असाव्यात.

"यात दूध नसलेलं काही आहे?"

"बर्फाचा गोला हाय."

"पण त्यात साखर असेल ना?"

"मग नुसता बर्फ घ्या. त्यात कायच नाय."

बाईंनी थोडा विचार केला. "बर्फ कुठल्या पाण्याचा आहे?"

ताईने उत्तर दिलं नाही. या किनाऱ्यावर बर्फाला असले प्रश्न विचारत नाहीत. तो मुळात माणसांसाठी नसतोच. जवळच बोडणी आणि रेवसच्या कोळ्यांच्या होड्या लागतात. बर्फाच्या लाद्या फोडून आधी त्यांत भरल्या जातात आणि त्यावर पापलेट निजतं. मासळीचा बर्फ आणि खायचा बर्फ वेगळा असतो, हे मला ठाऊक आहे. पण मानाचा क्रम ठरलेला आहे. लाईट गेली तर पापलेटची चौकशी आधी होते, आइस्क्रीमची नंतर.

आणि खरं तर या भागाला आइस्क्रीम परकं असायचं काही कारण नाही. हाताने फिरवायच्या संच्यातलं आइस्क्रीम करायला बर्फाइतकंच जाडं मीठ लागतं. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली उतरतो आणि डब्यातल्या दुधाची ऊब ओढून घेतो. मिठागरं तर पेण-उरणला आहेतच. मुंबईत भेंडीबाजाराच्या बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासूनचं एक दुकान आजही असंच हाताने फिरवून आइस्क्रीम करतं. आमच्या लहानपणी मे महिन्यात आंब्याचं आइस्क्रीम घरी व्हायचं तेव्हा दांडा फिरवायला आळीतली सगळी मुलं पकडून आणत. प्रत्येकाला शंभर फेरे. जो फिरवील त्याला वाटी. कारणाशिवाय आइस्क्रीम नाही, हे तिथेच खांद्यात भिनलं.

या समोरच्या पाण्याने तर त्याहून मोठी गंमत पाहिलेली आहे. १८३० च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेतून. मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांवरचा, करवतीने कापून भुशात बांधलेला. कालवे नव्हते, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून तो महिनोन्‌महिने प्रवास करायचा आणि मांडव्याच्या समोरून मुंबईच्या बंदरात शिरायचा. वाटेत जो वितळला तो समुद्राचा, उरला तो साहेबाचा. १८३४ च्या सुमाराला जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. त्यानंतर यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी खोचक बातमी छापून आल्याचं सांगतात. आपल्या आया "खाऊ नकोस, घसा धरेल" म्हणतात, त्याला इतकी जुनी पेपरातली साक्ष आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक गृहस्थ. ते चव बघत होते. आइस्क्रीमच्या दुकानात चव बघणारे दोन प्रकारचे असतात. एक चव बघून घेतो. दुसरा सीताफळ बघतो, शहाळं बघतो, फणस बघतो, भुवया उंचावतो, डोळे मिटतो, बायकोला बोलावून तिलाही चमचा द्यायला लावतो, आणि शेवटी "एक व्हॅनिला, दोन चमचे" म्हणतो. हा दुसऱ्यातला होता. ताईने त्याला न बोलता व्हॅनिला दिलं. तिसरा चमचा त्याने स्वतः उचलला.

मग भाच्याने मागणी केली. "ताई, पाव किलो द्या. तीन फ्लेवर मिक्स. वजनावर."

"वजनावर?" ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आमच्याकडे. आम्ही त्याच्याबरोबर आहोत हे लपवायला उशीर झाला होता.

"आमच्याकडे तसंच देतात," भाचा म्हणाला.

"कुठं, अलिबागला?"

अक्का खुदकन हसली. पण ताई धंद्याची पक्की होती. तिने सोडे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा पुढे ओढला, फडक्याने पुसला. अक्काने काट्याचा वास घेतला आणि ती काही बोलली नाही, यात तिची मातृभक्ती नव्हे तर पुत्रभक्ती दिसते. डबा आधी ठेवला, काटा शून्यावर आणला. आणि मग ताई भरत गेली. सीताफळ, आंबा, शहाळं. भरते भरते, काटा हलेना. डबा शिगोशीग भरला, वर डोंगर झाला, आकडा दोनशेच्या अलीकडेच.

"अगं बाई," ताई म्हणाली, "ह्यात वजनच नाय वो."

इतकी वर्षं ती हे विकत होती. आता ती फ्रीजरमधल्या डब्यांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. कंपनीने आपल्याला गंडवलं की आपण गिऱ्हाइकाला, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता. व्हॅनिलावाले गृहस्थ परत आले आणि आपला कप काट्यावर ठेवा म्हणाले. ताईने त्यांना, अर्धं खाल्लंय तुम्ही, असं सांगून वाटेला लावलं. पाव किलो कसंबसं झालं तेव्हा दोन डबे लागले. आम्ही पडवीच्या पायरीवर बसून खाल्लं. अक्काने आधी "मला नको, घसा धरतो" म्हटलं, मग शहाळ्याच्या बाजूने सुरुवात केली आणि सीताफळाच्या बाजूने संपवलं. तेवढ्यात तिच्या चतुर्थीची आठवण माझ्या बायकोने करून दिली, तेव्हा "दूध आहे, फळं आहेत, फराळच की," असा निर्णय तिथल्या तिथे झाला.

भाचा गेला. जूनमध्ये त्याचा फोन आला तेव्हा तिकडे कडाक्याचा हिवाळा होता आणि तो हीटरशेजारी बसून पाव किलो खात होता. इकडे पाऊस धो धो. छोट्या लाँच पावसाळ्यापुरत्या बंद, फक्त रो-रो चालू. मासेमारीलाही बंदी, त्यामुळे पापलेटचा सगळा बर्फ मोकळा, आणि तो खायला पर्यटक एकही नाही. अक्काने फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"त्याला थंडीत मिळतंय," ती म्हणाली, "मग आपल्याला पावसात का नको?"

एवढं कारण पुरलं. रो-रोने गेलो, छत्र्या उलट्या करत पडवीत पोचलो. ताईने ओळखलं.

"आइस्क्रीम? आता नाय ठेवत काकी, लाईट जाते सारखी. फ्रीजरमधे सोडे हायत."

अक्काने फ्रीजरमध्ये वाकून पाहिलं. सोडे चांगले होते.

"अर्धा किलो दे," ती म्हणाली. "पण डब्याचं वजन धरू नकोस."